पीडोफाइल म्हणजेच मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा गुन्हेगार का?

तुम्ही विचारलंय की हे दोन्ही एकच का, आणि मराठीत त्याला नेमका शब्द कोणता. एकच नव्हे. पीडोफाइल म्हणजे ज्याला वयात न आलेल्या मुलांविषयी लैंगिक आकर्षण वाटतं तो, अत्याचारी म्हणजे ज्याने प्रत्यक्ष केलं तो. शब्दाचं मात्र सोपं नाही, कारण आमच्या वाडीत सगळा घात शब्दांनीच केला.

मी देवगड तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होते. 2015 साली गणपती तोंडावर आले आणि माझ्या पाचवीतली एक मुलगी देवळात पेटी शिकायला जाईना. भजनाच्या बारीत जिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा, ती ही मुलगी. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "बाई, माका पेटी नको." मग चार वाक्यं बोलली. ती मी इथे लिहिणार नाही. पेटी शिकवणारे बुवा आमच्याच नात्यातले, माझ्या चुलतबहिणीचे यजमान.

रात्री मी मोठ्या दादाला सांगितलं. त्याचं पहिलं वाक्य, "तो तसलो माणूस नाय गो." संसार आहे, दोन मुलगे आहेत, देवाचं सगळं करतो. वहिनी भांडी आवरता आवरता हळूच म्हणाली, "तेंका थोडी खोड आसा, सगळ्यांका म्हायती." एकाच पडवीत, पाच मिनिटांच्या आत ही दोन वाक्यं मी ऐकली. 'तसला' म्हणजे पेपरातला नराधम, परका, दारू प्यालेला. आपल्यातला निघाला की तीच गोष्ट खोड होते, तंबाखूची असावी तशी. "तेच्याकडे एकटी जाव नको" एवढंच ऐकत आमच्याकडच्या मुली मोठ्या झाल्या. मीही तशीच वाढले. माझ्या लहानपणी माणूस दुसरा होता, वाक्य हेच.

कायदा माणूस कसा आहे हे विचारतच नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे आणि त्यात पीडोफाइल हा शब्दच नाही. 18 वर्षांखालचं कोणीही बालक, मुलगा असो वा मुलगी. केलं काय आणि हेतू लैंगिक होता का, एवढं बघतात. कपड्यांवरून हात लावला म्हणून सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल रद्द करताना स्पष्ट सांगितलं. मूल 12 च्या आतलं असेल, किंवा करणारा नातलग, शिक्षक, विश्वासाच्या जागेवरचा असेल, तर गुन्हा जास्त गंभीर धरतात. 'आपलाच माणूस', 'मुलांचा बुवा' हे जे दादा त्याच्या बाजूने सांगत होता, तेच कायद्याच्या तराजूत त्याच्या विरुद्ध पारड्यात पडतं.

आता मानसशास्त्र. पुढे दादा बुवांना कोल्हापूरला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेला आणि परत आल्यावर माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली. "डॉक्टर म्हणतत आजार नाय. मगे गुन्हो कसलो?" या एका प्रश्नावर आमचं भांडण आजतागायत चालू आहे, म्हणून नीट सांगते. 2013 च्या डीएसएम-5 या अमेरिकन मानसोपचार नियमावलीत पीडोफिलियाचा विकार ठरवायला वयात न आलेल्या, साधारण 13 किंवा त्याहून लहान मुलांविषयीचं तीव्र लैंगिक आकर्षण किमान 6 महिने टिकून असावं लागतं. व्यक्ती कमीत कमी 16 वर्षांची आणि मुलापेक्षा 5 वर्षांनी तरी मोठी असावी लागते. आणि तिने त्यानुसार काही केलेलं असावं, किंवा त्यापायी ती स्वतः त्रासात असावी. मुलांवर अत्याचार करणारे पुष्कळ जण या व्याख्येत बसतच नाहीत. मूल हाताशी असतं, गप्प बसेल याची खात्री असते, म्हणून ते करतात. डॉक्टर बरोबरच असतील. त्याने त्या मुलीची चार वाक्यं खोटी होत नाहीत. आणि समजा विकार निघाला असता, तरी तेवढ्याने गुन्हा माफ होत नाही.

वाडीत बैठक बसली. देवाला नारळ ठेवून माफी मागायची आणि मिटवायचं, मुलीचं उद्या लग्न व्हायचंय, असं ठरत आलं होतं. मी उठून सांगितलं, मी शिक्षिका आहे, मला हे कळलंय आणि मी पोलिसांना कळवणार. पोक्सोच्या कलम 19 नुसार कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे, लपवलं तर कलम 21 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जबाब घ्यायला महिला उपनिरीक्षक साध्या साडीत मुलीच्या घरी आल्या आणि खळ्यात तिच्याशेजारी बसल्या. कायद्यातच तशी तरतूद आहे. बुवांना 5 वर्षांची शिक्षा झाली. चुलतबहिणीचा काडीचा दोष नव्हता, तिच्या वाट्याला जे आलं त्याचं मला आजही वाईट वाटतं. दादा तेव्हापासून भाऊबीजेला आलेला नाही.

तर शब्द. नराधम, विकृत, राक्षस हे लिहू नका. ते वाचून लोक राक्षस शोधत बसतात आणि शेजारचा माणूस सुटतो. पोक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत 90 टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचेच आकडे सांगतात. 'मुलांवर लैंगिक अत्याचार केलेला माणूस' असं लांबलचकच म्हणा. घरात विषय निघाला तर "तो कसा आहे" यावर वाद घालूच नका, "त्याने काय केलं" तेवढंच विचारा. मदतीला मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर 1098 आहे, चोवीस तास.

दोन गोष्टी राहिल्या. ज्याला असं आकर्षण आहे पण ज्याने काहीच केलेलं नाही, तो गुन्हेगार नव्हे, त्याने वेळेत डॉक्टरांकडे जावं. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण खरं तेच आहे. आणि 17 वर्षांची मुलगी व तिचा 19 वर्षांचा मित्र यांचं प्रेमही याच कायद्यात सापडतं. त्या मुलाला मी बुवांच्या पंगतीत बसवणार नाही.

दादा, तू हे वाचतोस हे मला ठाऊक आहे. तुझी नात यंदा पेटीला जायला लागली असं वहिनीकडून कळलं. शिकवताना दार उघडं असतं का, तेवढं एकदा स्वतः जाऊन बघून ये.