महापाषाणयुग म्हणजे पाषाणयुग नव्हे

प्रश्न असा आला आहे: नागपूरजवळच्या जुनापाणी इथल्या दगडी वर्तुळांना कुणी 'पाषाणयुगीन' म्हणतं, तर कुणी 'महापाषाणयुगीन'. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि 'शिलावर्तुळ' हा शब्द बरोबर आहे का?

अर्थ एकच नाही. गफलत होते ती समास चुकीच्या जागी फोडल्यामुळे. 'महा' हे 'युगा'चं विशेषण नाही, 'पाषाणा'चं आहे. महापाषाण म्हणजे प्रचंड धोंडा. असे धोंडे उभारून किंवा रचून मृतांची स्मारकं करण्याचा जो काळ, तो महापाषाणयुग. काही अभ्यासक 'महाश्म' किंवा 'बृहदश्म' लिहितात, तेही याच अर्थाने. पाषाणयुगाचं नाव मात्र हत्यारांवरून पडलं आहे. तिथे दगड स्मारकाचा नाही, हातातल्या हत्याराचा.

विदर्भातली ही वर्तुळं तर लोहयुगातली, साधारणपणे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. दगडी हत्यारं आणि त्यांच्या जोडीला तांबं वापरणाऱ्या, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहती त्यांच्याआधी सुरू झाल्या होत्या. वर्तुळांच्या पोटात लोखंडी कुऱ्हाडी आणि खंजीर, काळी-तांबडी मडकी सापडतात. नागपूरजवळच्याच माहूरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननात घोड्याचे अवशेष आणि त्याच्या डोक्यावरचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच निघाली. घोड्याला असं सजवून मृताबरोबर पुरणाऱ्या या लोकांना 'पाषाणयुगीन' म्हणणं म्हणजे त्यांच्या लोहारांचं कसबच नाकारणं. मला ही चूक फार खटकते.

इंग्लंडच्या स्टोनहेंजची गोष्ट वेगळी. तिथले मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले, म्हणजे त्या बेटावरच्या नवाश्मयुगाच्या (पाषाणयुगाच्या शेवटच्या टप्प्याच्या) अखेरीस. त्याला 'नवाश्मयुगीन' म्हटलं तर चालतं आणि 'महापाषाणीय'ही चालतं. म्हणूनच 'महापाषाणीय' हा शब्द बांधणीची पद्धत सांगतो, एकटा काळ सांगू शकत नाही. जुनापाणीबद्दल लिहिताना 'लोहयुगीन शिलावर्तुळं' लिहावं, म्हणजे वाचकाचा घोळ होत नाही.

'शिलावर्तुळ' मला पसंत आहे. 'दगडी वर्तुळ' चुकीचं नाही, पण त्यातून फरसबंदी केलेला गोल ओटाही डोळ्यांसमोर येऊ शकतो. इथे कडेला मोठमोठे धोंडे आणि आत दगडमातीची भर असते. काही धोंड्यांवर मुद्दाम कोरलेले गोल खळगेही आहेत. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद घेतली होती.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं गटागटाने पसरली आहेत. त्यामुळे शब्द अनेकवचनीच वापरावा. सबंध जागेला 'दफनभूमी' म्हणता येईल. पण एवढे धोंडे आणून रचायला गावंच्या गावं राबली असणार, म्हणून 'अंत्यविधीचा परिसर' मला अधिक नेमकं वाटतं.