खरेदी-विक्री सल्ला : 'जेम'वर (सरकारी खरेदीचे ऑनलाइन पोर्टल) प्रिंटर घेताना

प्रश्न : आमच्या केंद्र सरकारी कार्यालयाला चार प्रिंटर हवेत, अंदाजे खर्च १ लाख ९० हजार. एकेक करून घेतले तर प्रत्येक खरेदी ५० हजारांच्या आत, म्हणजे तुलनेशिवाय थेट खरेदीच्या मर्यादेत बसते. चालेल का? (वरिष्ठ लिपिक, नागपूर)

उत्तर : नाही. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला नियम १५७ अशा तुकडेबाजीला मनाई करतो. मर्यादा एका ऑर्डरला नाही, एकूण गरजेला लागते. लेखापरीक्षक तारखा शेजारी ठेवून पाहतात, तेव्हा आठ दिवसांच्या अंतराने काढलेल्या चार ऑर्डर लपत नाहीत.

तुमची खरेदी ५० हजार ते १० लाखांच्या टप्प्यात येते. इथे किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराचा, म्हणजे एल-१, विक्रेता निवडावा लागतो. एकाच कंपनीचे तीन विक्रेते दाखवून भागत नाही; बहुतेक फाइली इथेच अडकतात. १० लाखांच्या वर बिड (बोली मागवणे) किंवा रिव्हर्स ऑक्शन (विक्रेते दर उतरवत नेतात तो लिलाव) सक्तीचे आहे.

खरे काम तुलनेआधीच असते. पोर्टलवर माल शोधतानाचे फिल्टर सैल ठेवले, तर स्वस्त प्रिंटर एल-१ ठरतो आणि पुढे टोनरचा खर्च डोईजड होतो. म्हणून दोन्ही बाजूंची छपाई, मिनिटाला किती पाने, एका टोनरमध्ये किती पाने, वॉरंटी किती वर्षे हे आधी कागदावर ठरवा आणि कारणांसह मंजूर करून घ्या. उलट, एकाच मॉडेलवर बेतलेले फिल्टर लावले की तीन उत्पादक उरतच नाहीत. तुलनापत्रक त्याच दिवशी पोर्टलवरून डाउनलोड करून फाइलला लावा, दर बदलत राहतात. दर वाजवी आहे याची खात्री करण्याची जबाबदारीही खरेदीदाराचीच. बाजारभाव पाहिल्याची नोंद ठेवा.

प्रश्न : आम्ही फर्निचर बनवून 'जेम'वरून केंद्रीय कार्यालयाला दिले, पैसे येत नाहीत. (लघुउद्योजक, सातारा)

उत्तर : आधी पोर्टलवर सीआरएसी, म्हणजे माल स्वीकारल्याचे प्रमाणपत्र, निघाले का ते पाहा. माल पोचल्यापासून १० दिवसांत ते निघायला हवे आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे. पोच दिल्याची तारीख व पुरावा तुम्ही पोर्टलवर भरलाच नसेल, तर पुढचे सगळे थांबते.

पुरवठ्याआधीच उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग) कायद्यानुसार पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते. अर्ज एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करा.