ओटागो सेंट्रल रेल ट्रेल: क्लाइडला एक दिवस जास्त ठेवा

जानेवारीत ११ वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांच्या आईंना घेऊन न्यूझीलंडची ही वाट सायकलने तीन दिवसांत जमेल का, सुरुवात कुठून करावी आणि फळबागा दिसतील का, असं तुम्ही विचारलंय. मी डनेडिनला राहतो, चारदा जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लाइड ते मिडलमार्च १५२ किलोमीटर. सराव असेल तर तीन दिवसांत होतं, पण तुम्ही पाच ठेवा. चढाची काळजी नको. १९९० साली बंद पडलेल्या रेल्वेचाच हा मार्ग, त्यामुळे आगगाडीला झेपेल एवढाच चढ: जास्तीत जास्त ५० ला १, म्हणजे ५० मीटर पुढे जाताना १ मीटर वर. आपल्या बोरघाटात तो ३७ ला १ आहे. दमवतात ते ऊन, वारा आणि पायाखालची खडी.

आता बागांचं. पूर्ण वाटभर बागा असतील या समजुतीने येणारे फार हिरमुसतात. बागा आहेत त्या क्लाइड आणि अलेक्झांड्राच्या आसपास. चॅटो क्रीकच्या पुढे मेंढ्या, पिवळं गवत आणि खडक. तेही सुंदर आहे, पण फळ नाही. म्हणून क्लाइडहूनच निघा, आणि निघण्याआधी एक पूर्ण दिवस तिथे राहा. जानेवारीत चेरी असतात आणि जर्दाळू पिकतात. आपण जर्दाळू ओळखतो तो सुका. इथला झाडावर पिकलेला हातात घ्या: उन्हाने कोमट, एका गालावर लाली, अंगठ्याने दाबला की शिवणीवर उलगडतो आणि बी अलगद सुटून येते. रेल्वे क्लाइडला १९०७ साली आली, आणि असं नाजूक फळ डनेडिनला वेळेत पोचायची सोय झाली.

एकदा सप्टेंबरात मी तिथे मुक्कामाला होतो. बहर धरलेला आणि रात्री कडक थंडी. बागवाले रात्रभर झाडांवर तुषार सोडत होते. सकाळी प्रत्येक फूल बर्फाच्या काचेत बंद! मला वाटलं, गेला हंगाम. पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि पाणी चालू आहे तोवर आतली कळी शून्याच्या आसपासच राहते, त्याखाली फारशी उतरत नाही. मधेच पाणी थांबलं तर मात्र कळी जाते, म्हणून ते ऊन चढेपर्यंत पंपापाशी उभे होते. तेव्हापासून तिथे फळाचा भाव करायला माझी जीभ रेटत नाही.

लॉडर ते ओटुरेहुआ हा टप्पा सकाळी लवकर उरका. पूलबर्नच्या घळीत दोन बोगदे आहेत, प्रत्येकी २०० मीटरच्या वर, आत मिट्ट काळोख. टॉर्च हवाच, मुलीला सायकलवरून उतरून चालू द्या. मधे दुकान नाही. जानेवारीतल्या एका दुपारी माझं पाणी इथेच संपलं होतं, डोकं गरगरायला लागलं. माणशी दोन लिटर तरी भरून घ्या.

आईंना इ-बाइकच घ्या. बॅटरी रात्री मुक्कामी चार्ज करता येते. सामान पुढच्या गावी पोचवणाऱ्या गाड्या मिळतात. जर्दाळूंची पिशवी मात्र कॅरिअरला बांधू नका, खडीवर हादरून तासाभरात लगदा होतो. पुढच्या बास्केटमध्ये टॉवेलची घडी घालून त्यावर ठेवा, आणि ओमाकाऊ येईपर्यंत संपवा.