वाचकांचे प्रश्न : न्यायालयात लघुलेखक व्हायचे असेल तर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात राहते आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतील न्यायालयांत साक्षीदाराचा शब्द न् शब्द यंत्रावर टिपून घेणाऱ्या ‘कोर्ट रिपोर्टर’ मंडळींविषयी आणि त्यांना तयार करणाऱ्या शाळांविषयी नुकतेच वाचले. तेव्हापासून हेच काम करावे असे मनाने घेतले आहे. आपल्याकडे अशी शाळा आहे का? टायपिंगच्या संस्थेत शॉर्टहँड शिकून न्यायालयापर्यंत पोहोचता येते का? शिकायचे तर इंग्रजी शिकावे की मराठी?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही निवडलेले काम मोलाचे आहे आणि ते घर न सोडता शिकता येण्यासारखे आहे. मात्र तुम्ही ज्या शाळांविषयी वाचलेत, तेथील शिक्षण ज्या कामासाठी दिले जाते ते काम आणि आपल्या न्यायालयांतील काम यांत मुळातच फरक आहे. तो आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढे निराशा होणार नाही.

अमेरिकेत हे विद्यार्थी स्टेनोटाइप नावाच्या यंत्रावर शिकतात. त्याला जेमतेम बावीस कळा असतात आणि पेटीवर एकाच वेळी अनेक पट्ट्या दाबाव्यात तशा त्या दाबून एकेक उच्चार उमटवला जातो. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी पाच-पाच मिनिटांच्या तीन चाचण्या द्याव्या लागतात. साध्या मजकुराची चाचणी मिनिटाला १८० शब्दांची, ज्यूरीला दिल्या जाणाऱ्या सूचनांची २०० शब्दांची आणि प्रश्नोत्तरांच्या स्वरूपातील साक्षीची २२५ शब्दांची असते, आणि प्रत्येकीत ९५ टक्के अचूकता लागते. एवढा वेग लागतो, कारण तेथे प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसेच्या तसे नोंदले जातात.

आपल्याकडे साक्ष नोंदवण्याची रीतच वेगळी आहे. सत्र न्यायालयातील साक्ष न्यायाधीशांनी स्वतः लिहावी, खुल्या न्यायालयात सांगून लिहवून घ्यावी किंवा आपल्या देखरेखीखाली न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडून लिहवून घ्यावी, असे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३११ मध्येही तीच तरतूद आहे. साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात लिहिली जाते आणि न्यायाधीशांना आवश्यक वाटेल तेथे प्रश्नोत्तरे जशीच्या तशी घेतली जातात. दिवाणी दाव्यात तर २००२ च्या दुरुस्तीपासून सरतपास, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेली त्याची साक्ष, प्रतिज्ञापत्रावरच दाखल होतो आणि न्यायालयात प्रामुख्याने विरुद्ध पक्षाच्या वकिलाने घेतलेला उलटतपासच नोंदवला जातो.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. बांधाच्या वादात वकील विचारतात, “बांध तुम्हीच कोरला ना?” साक्षीदार म्हणतो, “न्हाय साहेब, आमी कशाला कोरतोय? पावसानं व्हावून गेलाय त्यो.” न्यायाधीश सांगतात आणि संगणकावर उमटते ते असे : “हे म्हणणे खरे नाही की, वादग्रस्त बांध मी कोरला. साक्षीदार स्वतःहून सांगतो की, बांध पावसाने वाहून गेला.” उलटतपासाची पानेच्या पाने ‘हे खरे आहे की’ आणि ‘हे म्हणणे खरे नाही की’ या दोन सुरुवातींनी भरलेली असतात. त्यांतला एक ‘नाही’ गळला, तर नाकारलेली गोष्ट कबुली होऊन बसते. साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवण्याची तरतूद कायद्यात आहे ती यासाठीच, पण दिवसाअखेर थकलेल्या साक्षीदाराच्या कानावर सगळा भरवसा टाकणे योग्य नाही. तो ‘नाही’ पहिल्याच वेळी बिनचूक उतरवणे हे टंकन करणाऱ्याचे काम आहे, आणि मला या व्यवसायातील सर्वांत मोठी जबाबदारी तीच वाटते.

साक्ष बहुतेक वेळा थेट संगणकावरच उतरते. लघुलेखन लागते ते मुख्यतः आदेश आणि निकालपत्रांसाठी. न्यायाधीश दालनात किंवा व्यासपीठावरून सलग सांगत जातात, मध्येच मागचे वाक्य बदलतात, कलमांचे आकडे आणि जुन्या निवाड्यांचे संदर्भ देतात. आणि हे सर्व वहीतून सुवाच्य मजकुरात आणायचे असते. म्हणून आपल्याकडे मिनिटाला २२५ शब्दांच्या मागे लागण्याची गरज नाही. ८० ते १२० शब्दांच्या टप्प्यात ज्याची वही दुसऱ्या दिवशीही अडखळल्याविना वाचता येते, तो लघुलेखक न्यायाधीशांना हवा असतो.

आता शिक्षणाविषयी. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद टंकलेखनाच्या आणि लघुलेखनाच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा घेते. लघुलेखनाच्या परीक्षा ६०, ८०, १००, १२० अशा चढत्या वेगाच्या असतात आणि परिषदेची मान्यता असलेल्या खासगी संस्था त्यांची तयारी करून घेतात. दुसरा मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील स्टेनोग्राफर व सचिवीय सहायक या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा. त्याला दहावी उत्तीर्ण ही पात्रता पुरते. जिल्हा न्यायालयातील लघुलेखक श्रेणी ३ या पदासाठी मात्र पदवी लागते, म्हणून बी.ए. अर्ध्यावर सोडून शॉर्टहँडच्या मागे लागू नका.

संस्था निवडताना फलकावरच्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांवर जाऊ नका. एखादा तास तेथे बसून पाहा. श्रुतलेखन झाल्यावर विद्यार्थ्यांकडून त्याचे पूर्ण लिप्यंतर, म्हणजे चिन्हांवरून पुन्हा साधा मजकूर, करून घेतले जाते का, आणि शिक्षक प्रत्येकाची वही लाल शाईने तपासतात का, एवढेच बघा. लागोपाठ उतारे सांगून “आता घरी टाइप करा” म्हणणाऱ्या संस्थेत हात पळायला शिकतो, पण लिहिलेले वाचता येत नाही. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या कष्टांत काही कमी नव्हते, म्हणून त्यांच्याविषयी अधिकच वाईट वाटते.

इंग्रजी की मराठी, याचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे, परंतु एकाच वेळी नव्हे. दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याची शासनाची अधिसूचना १९९८ ची आहे, आणि साताऱ्यापासून वडूज-दहिवडीपर्यंत साक्षीपुरावा मराठीतच होतो. उलट उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते, आणि निवाड्यांचे दाखले सर्वत्र इंग्रजीतूनच येतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. इंग्रजीत निर्णय सांगून लिहवून घेणारे न्यायमूर्ती आता आपल्यापासून मुंबईइतके दूर राहिलेले नाहीत. तुमचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असेल, तर चिन्हे आणि भाषा अशी दोन ओझी एकदम घेऊ नका. मराठी लघुलेखनात ८० चा टप्पा गाठा आणि तोवर इंग्रजी वाचन वाढवत राहा, मग इंग्रजी लघुलेखन सुरू करा.

प्रत्येक शब्द जसाच्या तसा टिपण्याचीच तुम्हाला ओढ असेल, तर महाराष्ट्र विधानमंडळाच्या सचिवालयातील प्रतिवेदकांचे पदही लक्षात ठेवा. सभागृहातील भाषणे तेथे शब्दशः घेतली जातात. अमेरिकेतील त्या कामाच्या सर्वांत जवळचे मराठीतील काम मला तेच दिसते.

प्रश्न : मी कराडचा. इंग्रजी शॉर्टहँडची ८० ची परीक्षा उत्तीर्ण झालो, पण १०० वर वर्षभर अडकलो आहे. रोज सराव करूनही हात पुढे जात नाही. काय चुकते आहे?
— एक परीक्षार्थी

उत्तर : बहुधा हाताचे काहीच चुकत नाही. १०० च्या वेगाने दहा मिनिटांत हजार शब्द येतात आणि त्यांतील बहुतेक तुम्ही आजही लिहू शकता. एखादा अनोळखी शब्द आला की त्याची आकृती कशी काढावी याचा विचार मनात सुरू होतो, आणि तेवढ्या क्षणात पुढचे सात-आठ शब्द निघून जातात. तेव्हा सराव वाढवण्याआधी अडखळलेल्या शब्दांची वेगळी वही करा. प्रत्येक शब्दाची एकच आकृती ठरवा आणि ती विचार न करता उमटेपर्यंत गिरवा. ‘वादीचे म्हणणे असे आहे की’ यांसारखे न्यायालयात सतत येणारे शब्दसमूह, इंग्रजीतले असोत वा मराठीतले, एका जोडआकृतीत बसवा. अशा समूहांतूनच खरा वेग मिळतो.

दुसरी गोष्ट रेषांची. इंग्लंडच्या आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये मांडलेली इंग्रजी शॉर्टहँडची ही पद्धत उच्चारांवर आणि रेषेच्या जाडीवर उभी आहे. बारीक रेघ ‘प’ची, तीच दाबून काढली तर ‘ब’ची, ‘ट’ आणि ‘ड’ यांचेही तसेच. रेघ निम्मी केली की तिला ‘ट’ किंवा ‘ड’ जोडला जातो. इंग्रजीतील नकारही पुष्कळदा रेघेच्या टोकाच्या एका छोट्या वळणात (हुकात) आणि निम्म्या रेघेत सामावलेला असतो, म्हणजे घाईत रेघ थोडी लांबली की नकार नाहीसा झाला. ८० वर हे निभावते, १०० वर निभावत नाही. बॉलपेनने लिहीत असाल तर ते बाजूला ठेवा आणि लवचिक निबेचे पेन किंवा मऊ शिशाची पेन्सिल घ्या. वरची ओळ लिहीत असतानाच डाव्या हाताने पानाचा खालचा कोपरा उचलून धरण्याची सवय लावा, कारण पान उलटताना गमावलेले शब्द पुन्हा सापडत नाहीत.

सरावाची पद्धतही बदला. पाच मिनिटे १०० ने लिहीत बसण्यापेक्षा एकच उतारा एक मिनिट ११५ ने घ्या, आकृत्या मोडल्या तरी थांबू नका, लगेच तो १०० ने घ्या. कानाला जास्त वेग ऐकायची सवय झाली की १०० संथ वाटू लागतो. बोलणाऱ्याच्या चार-पाच शब्द मागे राहून लिहायला शिका; शब्द पडताक्षणी लिहिणारा वाक्याचा रोख बदलला की कोलमडतो. फोनवरील एकाच आवाजावर अवलंबून राहू नका. घरातील कोणाला तरी, शक्य झाल्यास वेगवेगळ्या माणसांना, उतारा वाचायला सांगा. उताऱ्यांची वाण नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयांचे निकाल विनामूल्य वाचता येतात. आणि आज लिहिलेली वही उद्या सकाळी, मूळ उतारा न पाहता, मोठ्याने वाचा. मला विचाराल तर निम्मा वेळ लिहिण्याला आणि निम्मा वाचण्याला व लिप्यंतराला द्यावा.

केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाचीही परीक्षा द्या. बारावीवर देता येणाऱ्या त्या परीक्षेत ‘ड’ श्रेणीसाठी ८० आणि ‘क’ श्रेणीसाठी १०० चा वेग लागतो. उतारा दहा मिनिटांचाच असतो. ८० वर तुम्ही आजही बसू शकता, आणि परीक्षागृहातील दडपणाची सवय घरी होत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला स्टेनोग्राफर व्हायचे आहे. आता संगणकच बोललेले लिहून देतो, मग या शिक्षणावर पैसे आणि वर्षे घालवावीत का?
— एक पालक, वाई

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाची सुनावणी चालू असताना यंत्राने लिहिलेला युक्तिवाद पडद्यावर दाखवण्याचा प्रयोग झाला, आणि अशी साधने पुढे वाढतच जातील. परंतु तो ध्वनिक्षेपकावर, एका वेळी एकाने केलेला, इंग्रजीतील युक्तिवाद होता. माण-खटावचा साक्षीदार तोंडावर पदर धरून पुटपुटतो, दोन्ही वकील एकदम उठतात, आणि त्यातून न्यायाधीश एक वाक्य बांधून सांगतात. तेथे काय नोंदवायचे आणि काय नाही हे समजणारा माणूस लागतो. पुढे यंत्राने मसुदा केला तरी तो तपासून शुद्ध करणाऱ्यालाही हीच तयारी लागेल. ‘पुरसीस’, ‘दरखास्त’, ‘मुद्देमाल’, ‘खातेफोड’ हे शब्द कानाने ओळखता आले पाहिजेत.

फक्त सगळा भार लघुलेखनावर टाकू नका. इंग्रजी ४० आणि मराठी ३० ही टंकलेखनाची प्रमाणपत्रे तिने पहिल्या वर्षातच मिळवावीत. न्यायालयातील कनिष्ठ लिपिकाच्या पदासाठीही तीच लागतात. राज्य शासनात लघुटंकलेखकाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला १२० चा वेग मागतात, म्हणजे न्यायालयाबाहेरही वाट आहे. जिल्हा न्यायालयांची भरती उच्च न्यायालय सर्व जिल्ह्यांसाठी एकत्र काढते. मागे डिसेंबर २०२३ मध्ये तशी जाहिरात आली होती. अशा जाहिराती दरवर्षी येत नाहीत, आणि अर्ज करतेवेळी प्रमाणपत्र हाती असावे लागते. त्यामुळे “जाहिरात आली की परीक्षेला बसू” असे म्हणून थांबू नये. पदवीचे शेवटचे वर्ष संपेपर्यंत दोन्ही टंकलेखने आणि किमान एका भाषेचे लघुलेखन पूर्ण होईल, असे वेळापत्रक आजच आखावे.