सर्व्हर दुपारी बसतोय? आधी मेमरीचा हिशेब मांड

महापेच्या ऑफिसातला सर्व्हर ऐन गर्दीत पडला की लगेच रीस्टार्ट मारू नकोस. आधी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग वाच. ‘आउट ऑफ मेमरी’च्या ओळीत मायएसक्यूएलडी (डेटाबेसचा प्रोग्राम) दिसलं, तर डेटाबेस बिघडलेला नाही, मेमरी संपली म्हणून कर्नलनेच तो मारलाय.

मशीन 4 जीबीचं, बफर पूल (डेटाबेस डेटासाठी राखतो ती मेमरी) 3 जीबी, साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमचे मॅक्स चिल्ड्रन (एका वेळी जास्तीत जास्त प्रोसेस) 50. एका प्रोसेसला 60 एमबी धर, म्हणजे आणखी 3 जीबी! एकेकटा आकडा ठीक, पण दोन्ही एकत्र मावत नाहीत. पूल 1 जीबी कर, चिल्ड्रन 25.

आकडा बदलूनही फरक पडत नाही, इथेच बहुतेक नवखे अडकतात. उबुंटूवर डेटाबेसची सेटिंग फाइल माय डॉट सीएनएफ आणखी दोन फोल्डरांतल्या फाइली ओढून घेते, आणि एकच सेटिंग दोनदा असेल तर शेवटी वाचलेलं लागू होतं. ‘माय_प्रिंट_डिफॉल्ट्स मायएसक्यूएलडी’ चालव; बफर पूल दोनदा दिसला तर फाइलची कॉपी ठेवून नको ती ओळ काढ, मग रीस्टार्ट. आणि स्वॅप (मेमरी म्हणून वापरलेली डिस्कवरची जागा) वाढवून वेळ मारून नेऊ नकोस, साइट रांगायला लागेल. दुसऱ्या दिवशी गर्दीच्या वेळी ‘फ्री -एम’ मारून ‘अव्हेलेबल’चा रकाना बघ.