वाचकांचे प्रश्न : कापण्याआधी घडण ओळखायची कशी?

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमात सातवीत आहे. सहा चौरसांची आकृती देऊन ‘घड्या घातल्यावर घन होईल का?’ असे विचारतात. पुस्तकातल्या घडणी (घड्या घालून ज्यांचा घन होतो अशा सपाट आकृत्या) तिला पाठ आहेत, पण तीच आकृती आडवी करून दिली की चुकते. (पालक, खानापूर)

उत्तर : पाठांतर आधी थांबवा. सहा चौरस कडेला कड लावून 35 प्रकारे जोडता येतात (फिरवलेली, उलटवलेली आकृती वेगळी न धरता) आणि त्यांतल्या 11 आकृत्यांचाच घन होतो. या 11 लक्षात ठेवण्यापेक्षा बाकीच्या का जमत नाहीत, ते कळणे जास्त मोलाचे.

एका ओळीत पाच चौरस आले की आकृती बाद, कारण चार चौरसांनीच वेढा पुरा होतो आणि पाचवा पहिल्यावर चढतो. दोन बाय दोनचा गठ्ठा असला तरी बाद. घनाच्या शिरोबिंदूत तीनच पृष्ठे भेटतात. एका बिंदूभोवती चार चौरस आले म्हणजे 360 अंश भरले, तिथला कागद वाकवून कोपरा उभा राहणारच नाही. चारच्या ओळीला उरलेले दोन्ही चौरस एकाच बाजूने जोडले असतील, तर एका तोंडावर दोन झाकणे आणि दुसरे तोंड उघडे राहते.

समोरासमोरची पृष्ठे ओळखायला सोपी खूण आहे. सरळ ओळीत मधला एक चौरस सोडून जे दोन असतात, ते घडीनंतर समोरासमोर येतात. फाशाच्या घडणीत ओळीने 1, 2, 6, 5 लिहिले आणि ओळीच्या एका अंगाला 3, दुसऱ्या अंगाला 4 ठेवले, की समोरासमोरच्या अंकांची बेरीज सगळीकडे 7 येते. मुलीला असा फासा कोऱ्या घडणीवर भरायला द्या.

आता कुठली कड कुठल्या कडेला मिळते, ते पाहू. आकृतीत जिथे काटकोनी खाच दिसते, तिथे तीन चौरस आधीच एकत्र आलेले असतात. त्या खाचेच्या दोन कडा एकमेकींना मिळणार, हे नक्की. दोघींवर ‘अ’ लिहा. मग त्यांच्या बाहेरच्या टोकांकडे बघा. जोडल्यावर तिथे दोन्हीकडचे मिळून तीन चौरस होत असतील, तर पुढच्या दोन कडाही एकमेकींच्या. त्यांवर ‘ब’ लिहा. दोनच होत असतील तर थांबा आणि दुसऱ्या खाचेपासून सुरू करा. आकृती उभी असो, आडवी असो, ही रीत बदलत नाही.

प्रश्न : चौरस सूचीचा (पिरॅमिडचा) पाया 6 सेमी आणि उंची 4 सेमी दिली होती. मी 4 सेमी उंचीचे चार त्रिकोण काढले. सूची झाली, पण बुटकी. का? (विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : दिलेली उंची ही शिरोबिंदूपासून पायाच्या मध्यापर्यंतची उभी उंची आहे. कागदावर काढायची ती त्रिकोणाची, म्हणजे तिरकी उंची, आणि ती नेहमी जास्तच भरते. पायाच्या मध्यापासून बाजूपर्यंत 3 सेमी, उभी उंची 4 सेमी. 9 आणि 16 मिळून 25, म्हणून तिरकी उंची 5 सेमी. तू 4 सेमी घेतलीस, त्यामुळे उभी उंची सुमारे 2.6 सेमीच उरली. 3 सेमी घेतली असतीस तर चारही टोके पायावर सपाट पडून मध्यात मिळाली असती, आणि त्याहून कमी घेतली असतीस तर मिळालीच नसती.

पायाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यातून बाहेर 5 सेमीचा लंब काढ आणि त्याचे टोक बाजूच्या दोन्ही टोकांना जोड. आठही तिरक्या रेषा सुमारे 5.8 सेमी भरल्या पाहिजेत. कंपासाने मोजून बघ. एक जरी कमी-जास्त असली तरी तिथे फट पडेल.

प्रश्न : चिकटवायच्या पट्ट्या मुले कुठेही काढतात. कधी एकाच जोडावर दोन येतात, कधी एकही नाही. शिवाय शंकू आणि दंडगोल नीट बंद होत नाहीत. (शिक्षिका, चिकोडी)

उत्तर : सपाट पृष्ठांच्या घनाकृतींसाठी नियम असा : घडणीच्या बाहेरच्या कडेने फिरत एक कड सोडून एकीला पट्टी द्यायची. प्रत्येक जोडाला नेमकी एक पट्टी येते, कारण जोडाच्या दोन कडांच्या मध्ये बाहेरच्या रेषेवर नेहमी समसंख्येने कडा असतात. लागोपाठ दोन चौरसांची सरळ रेषा मात्र दोन कडा म्हणून मोजायला हवी; मुले इथेच घसरतात. पट्ट्यांची संख्या शिरोबिंदूंपेक्षा एकाने कमी येते : घनाला 7, चौरस सूचीला 4, त्रिकोणी चितीला (प्रिझमला) 5. पट्टी 8 मिमी रुंद पुरते. तिची टोके तिरकी कापावीत, नाहीतर आत एकमेकींना अडतात. कार्डशीट असेल तर घडीच्या रेषेवरून फूटपट्टी धरून शाई संपलेल्या पेनाने दाबून ओढले की घडी सरळ बसते.

दंडगोलात आयताची लांबी वर्तुळाच्या परिघाएवढी हवी. त्रिज्या 3.5 सेमी असेल तर 22 सेमी, वर 1 सेमी चिकटवायला. मुले अंदाजाने वर्तुळ काढतात, म्हणून झाकण आत पडते किंवा बाहेर येते. घडणीच्या चित्रात वर्तुळ आयताला एकाच बिंदूत टेकते. करताना ते वेगळे कापावे आणि आयताच्या कडेला दातेरी पट्टी ठेवावी.

शंकूत चूक होते ती उभी उंचीच पाकळीची (शंकू उलगडल्यावर मिळणाऱ्या वर्तुळाच्या तुकड्याची) त्रिज्या धरल्याने. त्रिज्या 6 आणि उंची 8 असेल तर तिरकी उंची 10. पाकळी 10 सेमी त्रिज्येची. कोन 6 भागिले 10, गुणिले 360, म्हणजे 216 अंश. अर्धवर्तुळी कोनमापक असेल तर आधी 180, मग पुढे 36. पाकळीच्या दोन्ही सरळ कडा सारख्या खाली झुकवून काढली तर ती ए-फोर कागदावर मावते.

प्रश्न : वर्गात दाखवायला विकतचे साहित्य हवेच का? (शिक्षक, बेळगाव)

उत्तर : नको. कुंदा किंवा गोकाकचा करदंट अशा मिठाईचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका आणा, चिकटलेला जोड सोडवून सपाट करा. खोक्यात झाकणाच्या आणि आत खोचायच्या पट्ट्या जादा असतात. त्या पेन्सिलीने रेघून टाका. उरतात ते सहा आयत, म्हणजे इष्टिकाचितीची घडण. मुलांना प्रत्येक आयताचे क्षेत्रफळ काढू द्या, समोरासमोरच्या जोड्या सारख्या भरतात का ते बघू द्या आणि मग तोच खोका उलट्या बाजूने, कोरा भाग बाहेर ठेवून, पुन्हा जोडायला सांगा.