वाचकांचे प्रश्न : अर्जेंटिनाच्या पहिल्या लीगचे दोन चॅम्पियन

प्रश्न : मेस्सीच्या नादात आमच्या मुलानं अर्जेंटिनाच्या सगळ्या चॅम्पियन क्लबची यादी वहीत लिहून काढलीय. त्यात पहिल्याच वर्षी, 1891 ला, दोन नावं आहेत आणि 1892 समोर काहीच नाही. छपाईची चूक आहे का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अजिबात चूक नाही, पोरानं बरोबर उतरवलंय. 1891 ला ब्युनोस आयर्समध्ये पाच टीमची लीग झाली, प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, आणि शेवटी सेंट अँड्र्यूज आणि ओल्ड कॅलेडोनियन्स सारख्याच पॉइंटवर येऊन थांबले, त्यामुळे दोघांनाही चॅम्पियन ठरवलं. पण मेडल कुणाला द्यायची? म्हणून सप्टेंबरमध्ये आणखी एक मॅच घेतली, ती जादा वेळेत गेली आणि सेंट अँड्र्यूजनं 3-1 नं काढली, तिन्ही गोल एकट्या चार्ल्स डग्लस मोफॅटचे! तरी टायटल दोघांचंच राहिलं, आणि मला विचाराल तर हेच योग्य झालं, अख्खा सीझन बरोबरीनं खेळलेल्या टीमचं नाव एका मॅचसाठी का पुसायचं.

1892 ची जागा रिकामी कारण ती संघटनाच टिकली नाही, लीग झालीच नाही. मग 1893 च्या फेब्रुवारीत अलेक्झांडर वॉटसन हटन या ग्लासगोच्या मास्तरांनी नवीन संघटना उभी केली, आजची अर्जेंटिनाची फुटबॉल संघटना आपला जन्म तिथूनच मोजते. मुलाला सांगा, वहीत मोफॅटच्या शेजारी हटन सरांचं पण नाव लिही.

प्रश्न : त्याच 1891 ला मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. फुटबॉल दोन्हीकडे ब्रिटिशांनीच आणलं, मग ते कुठे आणि आपण कुठे? – एक वाचक, खडकी

उत्तर : प्रश्न काळजाला लागला. सुरुवात तिकडेही साहेबांचीच बरं का. 1867 ला ब्युनोस आयर्सच्या पालेर्मो भागात पहिली मॅच झाली तेव्हा प्रत्येक बाजूला आठच माणसं, एका टीमच्या डोक्यावर लाल टोप्या आणि दुसरीच्या पांढऱ्या, आणि मैदान क्रिकेट क्लबचं. 1891 च्या लीगमध्येही सगळी इंग्रज-स्कॉटिश मंडळी, एक टीम तर रेल्वे कंपनीची.

पण फरक बघा. रोव्हर्सचा पहिला कप वूस्टरशर रेजिमेंटनं नेला, आणि पलटणी काय, आज खडकीत तर उद्या दुसऱ्या छावणीत, त्या गेल्या की त्यांचा खेळही गेला. अर्जेंटिनात खेळ शाळेत शिरला. हटन सर 1882 ला सेंट अँड्र्यूज शाळेत शिकवायला आले, दोन वर्षांनी स्वतःची इंग्लिश हायस्कूल काढली, तिथं फुटबॉल शिकवलं, आणि त्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या अलुम्नी क्लबनं 1900 ते 1911 मध्ये दहा वेळा लीग जिंकली. ही पोरं ब्रिटिश घरांतली असली तरी तिथंच वाढलेली, त्यांना परत कुठे जायचं नव्हतं. मग 1913 ला रेसिंग क्लब चॅम्पियन झाला, त्यात बहुतेक सगळे स्थानिक खेळाडू, आणि तिथून सलग सात वर्षं तेच!

आपल्याकडे काहीच नव्हतं असं मात्र म्हणू नका. कलकत्त्यात 1898 पासून लीग आहे, 1911 ला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2-1 हरवून आयएफए शील्ड ही तिथली मानाची स्पर्धा जिंकली. पण रोव्हर्स कपवर भारतीय टीमचं नाव यायला 1937 उजाडलं, बंगलोर मुस्लिम्सनं तो जिंकला, आणि देशभराची लीग तर थेट 1996 ला आली. म्हणून मला वाटतं, पुण्यात जी शाळा संध्याकाळी मैदान खुलं ठेवते, पीटीच्या तासाला बॉल देते, ती खरं काम करतेय, अकॅडमीच्या फीचं नंतर बघू.

प्रश्न : त्या पहिल्या टीम अजून खेळतात का? – एक वाचक, कॅम्प

उत्तर : त्या दोन्ही चॅम्पियनपैकी आज लीगमध्ये कुणीच नाही. सेंट अँड्र्यूज शाळा मात्र चालू आहे. 1893 चा चॅम्पियन लोमास क्लबही आहे, पण तिथं आता रग्बी आणि हॉकी चालते.